‘पैशासाठी काम बंद पाडलं’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमच्या फ्लॅटचं बाथरूम, टाइल्स, रंग असं जे काम आम्ही घेतलं होतं, त्याबद्दलचा तुमचा एक स्टारचा अभिप्राय वाचला. ठरलेल्या तारखेला भाडेकरूला फ्लॅटचा ताबा देता आला नाही, तुमचं भाडं बुडालं, याबद्दल मनापासून दिलगीर आहोत.

पण "बाथरूममध्ये दोन दिवस नुसतं पाणी भरून ठेवलं, काम शून्य, वर तिसऱ्या टप्प्याचे पैसे मागितले आणि दिले नाहीत म्हणून काम बंद पाडलं" असं जे तुम्ही लिहिलंय, ते फार लागलं. हे वाचून उद्या कोणी आम्हाला साधा फोनही करणार नाही. म्हणून सविस्तर लिहितोय.

सर, ती वॉटरप्रूफिंगची चाचणी होती. गळती रोखणारा वॉटरप्रूफिंगचा कोट (थर) पूर्ण वाळला की ट्रॅपचं, म्हणजे पाणी वाहून जाण्याच्या जाळीचं, तोंड बंद करायचं, पाणी साठवायचं, भिंतीवर पातळीची पेन्सिलने खूण करायची आणि किमान २४, शक्यतो ४८ तास तिकडे कोणी फिरकायचं नाही. मग खूण बघायची आणि खालच्या मजल्यावर जाऊन छताला हात लावून ओल तपासायची. पातळी किंचित उतरली तर ते बाष्पीभवन असतं, पण खाली ओल दिसली तर कोट पुन्हा करावा लागतो. हे सगळं टाइल्स बसवण्याआधीच उरकायचं असतं, कारण नंतर गळती निघाली तर टाइल्स फोडण्यावाचून इलाज नसतो. आपल्या करारात तिसरा टप्पा असाच लिहिलेला आहे: भिंतीतल्या पाइपांची प्रेशर टेस्ट (दाब देऊन गळती तपासणं) आणि पाणी साठवून केलेली चाचणी, दोन्ही पास. बाथरूम दिसायला तयार हवं, असं त्यात कुठेही नाही. पातळी जागेवर होती, खालचं छत कोरडं होतं, दोन्हीचे फोटो त्याच दिवशी तुम्हाला पाठवले होते.

टप्प्यांनुसार पैसे देण्याची अट तुमचीच होती आणि आम्ही ती आनंदाने मान्य केली होती. गुंतवणुकीसाठी घेतलेल्या घराला हीच पद्धत योग्य, असं आम्ही प्रत्येकाला सांगतो. "७० टक्के काम झालं" याला काही अर्थ नसतो, ज्याचे त्याचे टक्के वेगळे. चाचणी मात्र पास तरी होते नाहीतर नापास. त्यामुळे मालकाचे पैसे कामाच्या पुढे जात नाहीत आणि कॉन्ट्रॅक्टरही स्वतःच्या खिशातून साइट चालवत बसत नाही. पण टप्पा पास झाल्यावर तुम्ही म्हणालात, "आता सगळं एकदम शेवटीच देतो." मग टाइल मिस्त्रीची मजुरी आम्ही कुठून द्यायची? मजुरी थांबली की मिस्त्री दुसऱ्या साइटवर जातो, त्याचंही घर त्यावरच चालतं. तुमच्या सुरक्षिततेसाठी बिलाचे १० टक्के शेवटपर्यंत राखून ठेवायचं करारात होतंच, त्याला आम्ही कधी हरकत घेतली नाही.

तारखेचंही सांगतो, कारण सगळा राग त्याच तारखेचा आहे. भाडेकरूला शब्द तुम्ही टप्पे ठरल्यानंतर दिलात आणि पुढे टाइल्सही बदलल्या. भाडं सुरू होण्याच्या तारखेपासून उलटं मोजत यायला हवं होतं: साफसफाई, रंग, त्याआधी टाइल्स, त्याआधी चाचणी, त्याआधी प्लास्टरला किमान ७ दिवस मारायचं पाणी. यातलं पाणी मारणं आणि चाचणी माणसं वाढवून लवकर होत नाही. हे आम्ही तेव्हाही बोललो होतो. "ते तुम्ही बघून घ्या" असं उत्तर मिळालं.

यापुढे टप्प्यांचा तक्ता आणखी सोप्या भाषेत देऊ, आम्ही फोन उचलत नाही, या तक्रारीकडेही बघतो.

राखून ठेवलेली रक्कम अजून तुमच्याकडेच आहे आणि ती आम्ही मुदतीआधी मागणार नाही. तोवर बाथरूममध्ये किंवा खालच्या छताला कुठे ओल दिसली तर कळवा, येऊन दुरुस्त करून देऊ. अभिप्राय काढा असं म्हणत नाही, स्टारही राहू द्या. फक्त "नुसतं पाणी" आणि "काम शून्य" एवढे शब्द बदलावेत, ही हात जोडून विनंती.