कर थकवा आणि सूट मिळवा!

मार्चएंड आला की महापालिकांना अचानक मालमत्ता कराची थकबाकी आठवते. मग नोटिसा, नळजोड तोडणं, दारात ढोल वाजवणं. वाजवा की! पण कुणाच्या दारात? दोन खोल्यांवाल्याच्या. कोट्यवधी थकवणारे बडे लोक स्थगिती आणून मोकळे, आणि सरकारी खात्यांची थकबाकी नुसती पत्रापत्रीत फिरते.

महाराष्ट्रात मालमत्ता कराच्या थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती (दंड). म्हणजे वर्षाला २४. ऐकायला कसं कडक वाटतं! आणि मग येते अभय योजना. शास्तीत घसघशीत सूट, वर मुदतवाढ, मुदतवाढीला पुन्हा मुदतवाढ. आम्ही पहिल्या महिन्यात रांग लावून भरणारे मूर्खच ना?

बरं, इतकी वर्षं वसुली झाली का नाही, हे कुठल्या अधिकाऱ्याला कधी विचारलं जातं? छे! तोच बुडीत आकडा अंदाजपत्रकात पुन्हा ‘अपेक्षित उत्पन्न’ म्हणून छापायचा, त्यावर रस्ते-गटारांची स्वप्नं रंगवायची, आणि पैसे आले नाहीत की कामं पुढच्या वर्षावर.

लावा ना थकबाकीदारांची यादी प्रत्येक वॉर्ड ऑफिसबाहेर, सगळ्यात मोठी रक्कम सगळ्यात वर. आणि शेजारी वसुली अधिकाऱ्याचं नावही.