कडक छाटणी केली की गुलाबाला लांब दांडी येते, या मेसेजबद्दल

'कुठलाही गुलाब वीतभर ठेवून छाटा, दुकानातल्यासारखी लांब दांडीची फुलं येतील' असा मेसेज सध्या फिरतोय, तर ते तसं नाहीये. कडक छाटणीने फांद्या कमी पण जोमदार फुटतात एवढं खरं, पण झाडाची ठेवण मुळात जातीवर असते. आइसबर्गसारखा फ्लोरिबंडा गटातला गुलाब कितीही छाटा, तो झुपक्यानेच फुलणार, मिनिएचरचं (बुटक्या, छोट्या फुलांच्या गुलाबाचं) तर बोलायलाच नको. सरळ उंच दांडी आणि टोकाला एकच मोठं फूल हवं असेल तर हायब्रीड टी गटातला गुलाब घ्या, त्यातही मिस्टर लिंकन बघा (१९६४ चा, गडद लाल, वास जबरदस्त), किंवा ग्रँडिफ्लोरातला (हायब्रीड टी आणि फ्लोरिबंडा यांच्या संकरातला गट, लांब दांडीवर फुलं कधी एकेकटी, कधी झुपक्याने) क्वीन एलिझाबेथ, जो इतका उभा वाढतो की पुढच्या ओळीत लावलात तर मागचं काही दिसायचंच नाही. हायब्रीड टी सगळेच उंच असतात असंही नाही हां, घेताना उंची विचारा. मुख्य कळीशेजारच्या बारक्या कळ्या लहान असतानाच नखाने खुडल्या की टोकाचं फूल मोठं होतं. आणि तोडताना लांब दांडीचा लोभ नको, खाली फांदीवर पाच पर्णिकांची (एका देठावर पाच छोटी पानं असलेली) निदान दोन पानं राहू द्या, नाहीतर पुढचा फुटवा कमजोर येतो.