'काळीज दगडाचं झालंय' या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. हॉस्पिटलमध्ये कामाला असलेल्या एका बाईने काम नसताना जावेचा चार्ट, म्हणजे मेडिकल फाइल, उघडला आणि त्या बाईची नोकरी गेली, ते बरोबरच झालं असं मी पोस्टमध्ये लिहिलं होतं. त्यावर 'एक सातारकर' एवढंच नाव टाकून तुम्ही लांबलचक प्रतिक्रिया दिलीत, तिच्यात चार-पाच मुद्दे आहेत, पण पहिल्याच वाक्यावर मी अडकले. 'जावेचा चार्ट एकदा उघडला म्हणून एका बाईची ११ वर्षांची नोकरी गेली आणि तुम्ही ते बरोबर म्हणता, डॉलर मोजून मोजून तुमचं काळीज दगडाचं झालंय.' मत पटलं नाही तर नाही, पण एकदम काळजावर यायची ही कुठली पद्धत? तुम्ही मला ओळखता का?

एक गोष्ट मान्य करते. हिपा कायद्यात, म्हणजे पेशंटची माहिती खासगी ठेवण्याच्या अमेरिकेतल्या कायद्यात, 'नोकरीवरून काढा' असं लिहिलेलं नाही, हे तुमचं बरोबर. नियम मोडणाऱ्या स्टाफवर योग्य ती कारवाई करा आणि तिची नोंद ठेवा एवढंच आहे, कारवाई कुठली ते हॉस्पिटल ठरवतं. माझ्या पोस्टमधलं ते वाक्य दुरुस्त केलंय.

आता दगडाचं. मी न्यू जर्सीत एका हॉस्पिटलच्या मेडिकल रेकॉर्ड्समध्ये १७ वर्षं काम करतेय. आई इकडे आली होती तेव्हा तिला आमच्याच हॉस्पिटलमध्ये दाखवलं, गाठीची बायॉप्सी झाली. तेव्हा आत्तासारखे रिपोर्ट लगेच पेशंटच्या फोनवर यायचे नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी रिपोर्ट सिस्टिममध्ये आलेला असणार हे मला कळत होतं, समोर स्क्रीन, लॉगिन माझं, नुसतं नाव आणि जन्मतारीख टाकायची होती. शनिवार-रविवार आई म्हणत राहिली, 'अगं तू तिथेच कामाला ना, बघ की.' नाही बघितला. सोमवारी डॉक्टरांनी तिला सांगितलं, मग तिने मला. ते दोन दिवस मी बाथरूमचा नळ सोडून रडत होते. आणि तुम्ही मला दगड म्हणताय.

आणखी एक सांगते. ओळखीतल्या एका मुलीचं तिसऱ्या महिन्यात मिसकॅरेज झालं, नवरा सोडून कुणालाच सांगितलं नव्हतं तिने, सासूलाही नाही. महिन्याभराने गणपतीच्या आरतीला बायका तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या, 'होईल गं परत'. हॉस्पिटलमध्ये कामाला असलेल्या आपल्यातल्याच एकीने चार्ट उघडला होता, तोही काळजीपोटीच. ऑडिटमध्ये कोणी उघडला, किती वाजता, कुठली पानं बघितली, सगळं निघालं. ती मुलगी परत मंडळात आली नाही. तुमच्या एवढ्या मोठ्या प्रतिक्रियेत नोकरी गेलेल्या बाईबद्दल सगळं आहे, जिचा चार्ट उघडला त्या जावेबद्दल एक शब्द नाहीये.

'ट्रेनिंग द्यायचं होतं' म्हणता, ते दरवर्षी होतं, सही घेतात. आणि 'एकदाच क्लिक' नव्हतं ते, स्क्रीनवर कारण विचारलं तेव्हा तिने 'बिलिंग' निवडलं, जावेचं बिल तिच्याकडे नव्हतंच. हे पोस्टमध्ये लिहिलं होतं, वाचायचे कष्ट घेतले असते तर दिसलं असतं.

तुम्ही हॉलिवूडच्या जॉर्ज क्लूनीचं उदाहरण दिलंत, तर हो, २००७ मध्ये त्याच्या मोटरसायकल अपघातानंतर नॉर्थ बर्गनच्या पॅलिसेड्स मेडिकल सेंटरने त्याची फाइल बघितल्याबद्दल २७ जणांना महिनाभर बिनपगारी घरी बसवलं आणि त्यांना सस्पेंड न करता हे मिटावं असं तो म्हणाला होता. त्याचं आयुष्य रोज पेपरात येतं, त्याला परवडतं. पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या यूसीएलए हॉस्पिटलने गायिका ब्रिटनी स्पीअर्सची फाइल बघणाऱ्या किमान १३ जणांना काढायला घेतलं, ते तुम्ही सोयीस्कर विसरलात.

डॉक्टरांना नुसती समज देतात आणि क्लार्कला घरचा रस्ता, हा तुमचा मुद्दा वेगळा आहे, त्यात इथे शिरत नाही. बाकीच्यावर बोलण्यासारखं काही नाही.

प्रतिक्रिया डिलीट करत नाहीये, राहू दे. पुढच्या वेळी मात्र स्वतःचं नाव लिहून बोला.