स्टीलचा ग्लास म्हणे पर्यावरणाचा शत्रू!

‘हरित सभा : आपला कार्यक्रम पर्यावरणपूरक करण्याची 8 सूत्रे’ असा एक मेसेज सध्या विदर्भातल्या ग्रुपाग्रुपांवर फिरतो आहे. वर पानांची नक्षी, खाली पृथ्वीला धरलेले दोन हात. सूत्रं थोडक्यात अशी : स्टीलचे ग्लास धुण्यात पाणी वाया जातं, म्हणून कागदी कप वापरा, ते 30 दिवसांत मातीत विरघळतात, जारऐवजी 200 मिलीच्या सीलबंद बाटल्या ठेवा, पंगत नको, पॅकबंद जेवण द्या, फ्लेक्स बिनधास्त लावा, तो नंतर शेतात कामी येतो, एसी 24 वर ठेवा, अहवाल छापू नका, क्यूआर कोड द्या, पाहुण्याला रोप दिलं की सभेचं प्रदूषण शून्य, आणि जमलं तर सभाच ऑनलाइन घ्या.

मी दुर्लक्ष केलं असतं. पण माझ्या वहिनी एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या संचालक आहेत. सप्टेंबर म्हणजे वार्षिक सभांचा महिना, आणि यंदा चहापाण्याचं काम त्यांच्याकडे. मेसेज वाचून त्यांनी बिछायत केंद्रात, म्हणजे मांडव-भांडी भाड्यानं देणाऱ्या दुकानात, सांगून ठेवलेले 300 ग्लास रद्द केले आणि कागदी कपांची खोकी मागवली. विचारलं तर म्हणाल्या, “भाऊजी, इस्टीलचे ग्लास धुवाले किती पानी लागते, पाहा ना. आपल्याइकडं आदीच पान्याची बोंब.” त्यांचा काही दोष नाही. पाण्याचं नाव काढलं की आमच्याकडे कोणीही गप्प होतं, आणि मेसेज लिहिणाऱ्याला ते नेमकं ठाऊक आहे.

म्हणून आधी पाण्याचंच बघू. मेसेज म्हणतो, एका ग्लासाला 2 लिटर पाणी लागतं. नळ सोडून एकेक ग्लास धुतला तर लागेलही. आमच्याकडे लग्नात कोण असं धुतं? तीन गंज, म्हणजे मोठी पातेली, मांडतात. पहिल्यात पावडर, दुसऱ्यात विसळणं, तिसऱ्यात पुन्हा विसळणं. प्रत्येकी चाळीसेक लिटर धरा, पाणी गढूळ झालं म्हणून मधे एकदा सगळं बदललं तरी हिशेब अडीचशे लिटरच्या आत. 300 ग्लासांना. म्हणजे ग्लासामागे एक लिटरही नाही.

आणि कागद काय हवेतून बनतो? लाकूड-बांबूचा लगदा शिजवायचा, धुवायचा, पांढरा करायचा, या प्रत्येक पायरीला पाणी. बल्लारपूरची कागद गिरणी वर्धा नदीच्या काठावर आहे ती काही नदीची शोभा बघायला नाही. आपल्या विहिरीतलं पाणी मोजायचं आणि नदीतलं सोडून द्यायचं, असा हा हिशेब.

आता ते ‘30 दिवसांत मातीत विरघळतात’. हे वाक्य ज्यानं लिहिलं त्यानं एकदा चहा प्यायलेला कप हातानं फाडून बघावा. आतून एक पातळ, चिवट पापुद्रा निघतो. तो प्लॅस्टिकचा असतो, बहुतेक वेळा पॉलिथिनचा. तो नसता तर कागदात चहा थांबलाच नसता. कागद कुजेल, पापुद्रा राहील. शहरातही तो कागदापासून वेगळा काढणं जिकिरीचं. आमच्या गावात तर घंटागाडीच नाही. सभा संपली की मंगल कार्यालयाच्या मागे कपांचा ढीग, त्यावर काडी. जाळलं की विल्हेवाट लागली अशी आपली समजूत आहे. उघड्यावर कचरा जाळल्यास 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25,000 रुपये दंड, असा राष्ट्रीय हरित लवादाचा डिसेंबर 2016 चा आदेश आहे. गावात तो कोणी वसूल करताना दिसत नाही, हे वेगळं.

जे कप जळत नाहीत ते वाऱ्यानं धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, जातात आणि तिथून कपाशीत. पुढे वेचणीला बोंडाबरोबर प्लॅस्टिकचा तुकडा आला की जिनिंगमध्ये काय ऐकावं लागतं, ते कापूस विकणाऱ्याला विचारा. शेतकऱ्यांच्याच कंपनीनं आपल्या सभेतून आपल्याच कापसात कचरा घालायचा, आणि त्याला हरित म्हणायचं!

हे झालं कपाचं नंतरचं. चहा पीत असतानाच काय होतं, ते खरगपूरच्या आयआयटीनं तपासलं आहे. डॉ. सुधा गोयल यांच्या मार्गदर्शनाखालचं हे संशोधन 2020 मध्ये प्रसिद्ध झालं. 85 ते 90 अंश तापलेलं 100 मिली पाणी कागदी कपात 15 मिनिटं ठेवलं, तर त्यात प्लॅस्टिकचे सुमारे 25,000 सूक्ष्म कण उतरतात. दिवसाला तीन कप पिणाऱ्याच्या पोटात 75,000. डोळ्यांना दिसत नाहीत, चवीला कळत नाहीत. आता आपल्या सभेतला चहा आठवा. पहिल्या भाषणाला वाटप सुरू होतं, माणूस कप हातात धरून साहेबांचं ऐकत बसतो, घोट घ्यायला पंधरा मिनिटं सहज जातात. प्रयोगशाळेतली ती वेळ आपल्या अध्यक्षांच्या प्रास्ताविकाला बरोबर जुळते! हे कण शरीरात जाऊन नेमकं काय करतात यावर अजून काम सुरू आहे, म्हणून मी उगाच कॅन्सरची भीती घालत नाही. पण निरोगी म्हणून जो कप हाती देताय त्यातून प्लॅस्टिक पाजताय, एवढं तर सिद्ध आहे.

शिवाय कायदा. प्लॅस्टिकचा थर दिलेले कप, ग्लास, प्लेट, वाट्या यांच्यावर महाराष्ट्र सरकारनं जुलै 2022 मध्ये बंदी घातली, 2018 च्या प्लॅस्टिकबंदीत दुरुस्ती करून. पहिल्या वेळी 5,000 दंड, दुसऱ्या वेळी 10,000, तिसऱ्या वेळी 25,000 आणि तीन महिने कैद. दुकानात खुलेआम मिळतात म्हणून ते कायदेशीर होत नाहीत. तालुक्याच्या अधिकाऱ्याला मंचावर बसवून त्याच्याच हातात बंदी असलेला कप द्यायचा, ही गंमत आपल्याकडेच.

एक गोष्ट मान्य करतो, नाइलाजानं. धुण्याचा खर्च शून्य नसतो. मार्टिन हॉकिंग या कॅनडातल्या रसायनशास्त्रज्ञानं 1994 मध्ये ऊर्जेचा हिशेब मांडला होता : काचेचा कप कागदी कपापेक्षा सरस ठरायला 15 वेळा वापरावा लागतो, चिनी मातीचा 39 वेळा. मेसेजवाल्यानं कुठूनतरी एवढंच ऐकलं असावं. पण ते गणित यंत्रात, गरम पाण्यानं धुण्याचं. आमच्याकडे थंड पाणी, हात आणि ऊन. आणि 39 वेळा? बिछायत केंद्रातला ग्लास तेवढा एका लग्नसराईत वापरून होतो. गावच्या देवळातल्या भांड्यांवर कोरलेली ‘स्मरणार्थ’ नावं वाचा, ज्यांनी दिली त्यांची नातवंडं आता पंगतीत वाढतात.

उष्ट्या ग्लासांनी आजार पसरतात, असंही त्यात एक ओळभर आहे. नीट न धुतलेल्या ग्लासांनी पसरतात, खरं आहे. जारमध्ये एकच ग्लास बुडवून सगळ्यांनी पिणं तर बंदच करा. पण त्यावरचा उपाय तोटीचा जार आणि दोन भांडीवाल्या बाया. त्यांना द्याल ती मजुरी गावातच राहील.

मेसेजच्या अगदी तळाशी, पृथ्वीच्या हातांखाली, बारीक अक्षरांत लिहिलं आहे : कप, पॅकिंग डबे व पाणी बॉटल होलसेल दरात. पुढे फोन नंबर. वहिनींना तिथपर्यंत बोट सरकवायला लावलं तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं बाई, म्हंजे हे जायरात होय!”

200 मिलीच्या बाटल्यांवर फार लिहायला नको. लहान बाटलीत पाणी कमी आणि त्या मानानं प्लॅस्टिक जास्त, झाकण तर प्रत्येकीला वेगळंच. सप्टेंबरच्या दमटात एका बाटलीनं कोणाची तहान भागते? माणूस तीन उचलतो, तिन्ही अर्ध्या ठेवतो. पॅकबंद जेवणाचंही तेच. पंगतीत माणूस ‘पुरे’ म्हणून हात आडवा धरतो. डब्यात भरलेलं आवडो न आवडो समोर येतं आणि डब्यासकट उकिरड्यावर जातं. पळसाच्या पानांच्या पत्रावळी गडचिरोली-गोंदियाकडे अजून बाया घरी टाचतात, त्या मागवा. चंदेरी मुलाम्याच्या कागदी पत्रावळी नकोत, तो पुन्हा कपाचाच भाऊ.

फ्लेक्सच्या बाबतीत मेसेज अर्धा खरा आहे, हे आमच्या गोठ्याकडे बघून कबूल करावं लागतं. सोयाबीनच्या गंजीवर, कुडाच्या भिंतीवर, कोंबड्यांच्या खुराड्यावर नेत्यांचे हसरे चेहरे आहेतच. पण आमच्या उन्हात तो एक-दोन हंगामांत तडकतो, आणि मग त्याच्या खपल्या मातीत. 100 मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनर तर 1 जुलै 2022 पासून देशभर बंद आहेत. कापडावर कंपनीचं नाव रंगवा, साल आणि तारीख टाकू नका, दहा वर्षं चालेल. एसी 24 वर ठेवायचा सल्ला वाचून मात्र मी हसलो. आमचं सभागृह पत्र्याचं. उन्हाळ्यात सभा सकाळी आठला लावा, कूलर आणि जनरेटर दोन्ही वाचतील.

अहवालाचं म्हणणं बरोबर आहे, अर्धवट. संचालकांच्या फोटोंचा गुळगुळीत रंगीत अहवाल बंद झाला तर मी पेढे वाटीन. पण ताळेबंद क्यूआर कोडमध्ये गेला की साधा फोन असलेल्या सभासदापासून तो लपतो. ताळेबंदाची दोन पानं पाठपोट छापा आणि प्रत्येकाच्या हातात द्या.

राहिलं रोप आणि ऑनलाइन, आणि इथे मेसेजचं सगळ्यात मोठं मौन आहे. आठ सूत्रांत गाडीचा उल्लेख नाही.

एक लिटर डिझेल जळलं की सुमारे 2.68 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. नागपूरहून यवतमाळ दीडशे किलोमीटरच्या आसपास. प्रमुख पाहुणे एकटे जीपनं आले, वीस मिनिटं बोलले, परत गेले. जाऊन-येऊन 300 किलोमीटर, लिटरला 12 च्या हिशेबानं 25 लिटर डिझेल, म्हणजे 67 किलो. दुसरे पाहुणे दुसऱ्या गाडीत. हे सगळं त्यांच्या हातात दिलेल्या वीतभर रोपानं फेडायचं! तेही काळ्या पॉलिथिनच्या पिशवीतलं, आणि परतीच्या वाटेवर मागच्या सीटवर आडवं झालेलं. पावसाळ्यात रोप लावावं, मी विरोधात नाही. त्याला कुंपण कोण करणार आणि मे महिन्यात पाणी कोण घालणार, एवढं नाव लिहून घ्या. नाव मिळत नसेल तर रोप देऊ नका.

ऑनलाइनचा मुद्दा खरं तर यांच्याकडचा एकमेव दमदार मुद्दा, आणि तोच त्यांनी शेवटी ‘जमलं तर’ म्हणून टाकला आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2021 मध्ये मांडलं की प्रत्यक्ष परिषद पूर्ण ऑनलाइन नेली तर कार्बनचा भार 94 टक्के कमी होतो. अर्ध्याहून अधिक लोक प्रत्यक्ष आणि बाकीचे ऑनलाइन ठेवले तरी दोन तृतीयांशापर्यंत घटतो. पण ते विमानानं देशोदेशी जाणाऱ्यांचं गणित आहे. आमच्या सभासदाला ते जसंच्या तसं लावलं तर सभाच बुडेल. उत्पादक कंपनीच्या सर्वसाधारण सभेला निदान एक चतुर्थांश सभासद लागतात. चार टॉवरच्या गावात एका टॉवरला रेंज असते, आणि माइक बंद करायचं बटण ज्याच्या हातात तोच नफ्यातोट्याचे आकडे वाचणार असेल, तर प्रश्न विचारणारी बाई समोर बसलेलीच बरी.

तेव्हा सभासदांनी प्रत्यक्ष यावं आणि पाहुण्यांनी पडद्यावर. वीस मिनिटांच्या भाषणाला एक मोबाइल, एक स्पीकर आणि पांढरी चादर पुरते. दर महिन्याच्या आढावा बैठकीलाही तेच करा; जिल्ह्याला फाइल घेऊन धावणाऱ्या गाड्या निम्म्या होतील. ज्यांना यायचंच आहे त्यांनी एका गाडीत यावं. मानाचा प्रश्न आडवा येतो, मला माहीत आहे, पण निमंत्रणाच्या पत्रातच तसं लिहून टाका.

सभासदांसाठी मात्र एकच करा : सभेची वेळ एसटी बघून ठरवा. दुपारी तीनची सभा ठेवली की शेवटची गाडी चुकते, म्हणून गावागावांतून मोटारसायकली निघतात, आणि बाया येतच नाहीत. सकाळच्या गाडीला धरून सुरू केली आणि दुपारच्या गाडीआधी संपवली, तर तीच माणसं एसटीत आणि काळीपिवळीत मावतात. मार्च 2023 पासून बायांना एसटीत अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी पार केलेल्यांना प्रवास फुकट. वहिनींनी ग्लास पुन्हा सांगितले आहेत. आता नोटीस छापायला जायची आहे. त्यावर सभेच्या वेळेखाली परतीच्या गाडीची वेळही छापावी, असं मी त्यांना सुचवलं आहे, आणि अध्यक्षांचं प्रास्ताविक पाच मिनिटांवर आणावं, असंही.