दोष कोणता ते लिहा, दोन गुण

आज संध्याकाळपासून डोक्यात एकच गोष्ट फिरतेय, त्यामुळे हे लांबणार, आधीच सांगून ठेवते. भाची वही घेऊन आली, "मावशी, हे वाच ना एकदा." सोफोक्लीजच्या 'राजा इडिपस' या जुन्या ग्रीक नाटकावरचा प्रश्न होता: शोकांतिकेचा नायक म्हणून इडिपसचा घातक दोष कोणता? खाली तिच्या गोलगोल अक्षरात उत्तर, 'गर्व'. त्यावर लाल पेनाची टिक. दोनपैकी दोन. झालं, संपला इडिपस.

मला इतका राग आला की मी वही मिटून ठेवली. पोरीला वाटलं तिचंच काहीतरी चुकलं.

तिचं काही चुकलं नाही. चुकतंय ते हे की आपण कुठल्याही उद्ध्वस्त झालेल्या माणसासमोर उभं राहिलो की पहिल्यांदा त्याचा दोष शोधतो. एकदा तो सापडला की आपल्याला बरं वाटतं. माझे बाबा गेले तेव्हा भेटायला आलेल्या प्रत्येकाने हेच केलं. बाबा एका मित्राच्या कर्जाला जामीन राहिले होते, मित्र एक दिवस गाव सोडून गेला तो गेलाच, आणि पुढची अकरा वर्षं हप्ते बाबांनी भरले. लोक येऊन बसायचे, हळहळायचे आणि उठताना म्हणायचे, "देवमाणूस होता हो, पण भोळेपणा नडला." एकजण तर दारात चप्पल पायात सरकवता सरकवता म्हणाले, "आम्ही असतो तर सही केलीच नसती." ते वाक्य मी आजतागायत विसरलेले नाही.

आता ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलबद्दल, कारण हे 'घातक दोष' प्रकरण त्याच्याच नावावर खपवलं जातं. त्याने 'काव्यशास्त्रा'त शब्द वापरलाय हमार्तिया. ज्या क्रियापदावरून तो आलाय ते ग्रीक लोक बाण किंवा भाला नेमावर न लागण्यासाठी वापरायचे. नेम चुकणं. बस. दोष नाही, दुर्गुण नाही, गर्व तर नाहीच नाही. उलट तो स्पष्ट सांगतो की हा माणूस फार पुण्यवान नसतो तसा दुष्टही नसतो, आणि त्याचा नाश त्याच्या दुष्टपणामुळे होत नाही, कुठल्यातरी हमार्तियामुळे होतो. पुढे तोच शब्द ख्रिस्ती धर्मग्रंथात 'पाप' या अर्थाने आला आणि मग आपण सगळ्यांनी मागे जाऊन इडिपसच्या कपाळावर पाप चिकटवलं, असं मला तरी वाटतं. ऑक्सफर्डचे ग्रीकचे अभ्यासक ई. आर. डॉड्स यांनी १९६६ साली यावर अख्खा लेख लिहिला, तोही विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांना वैतागून! म्हणजे साठ वर्षांपूर्वी तिकडेही पोरं हेच लिहीत होती.

बरं, इडिपसने केलं काय ते तरी बघा ना. आईबापांनी घोटे टोचून डोंगरावर टाकायला दिलेलं पोर, कॉरिंथच्या राजाकडे वाढलं. तरुणपणी डेल्फीच्या देवळात भविष्य कळतं की तू बापाला मारशील आणि आईशी लग्न करशील. तो काय करतो? राज्य, घर, ज्यांना आईबाप समजतो ती माणसं, सगळं सोडून निघतो, त्यांना आपल्या हातून काही होऊ नये म्हणून. कुठलाही भला मुलगा हेच करेल. आणि तीच वाट त्याला त्या तिठ्यावर नेते जिथून खरा बाप रथातून येत असतो. नेम चुकला म्हणजे काय, ते हे. नेम धरला होता चांगुलपणाचाच.

हो, मान्य, तो तापट आहे, रस्त्यात ढकललं आणि डोक्यात काठी घातली म्हणून माणसं मारायची नसतात, आणि आंधळ्या भविष्यवेत्त्या टायरेसियसवर तो ज्या भाषेत ओरडतो तेही बरोबर नाही. ठीक आहे. पण तापट माणसं जगात थोडी आहेत का, त्यातल्या कितीजणांच्या वाट्याला हे येतं?

आणि शेवट तर मला वाचवतच नाही. नकळत आईशीच लग्न करून तो थीब्जचा राजा झालाय, तिथे साथ आलीय, लोक दारात येऊन बसलेत, आणि हा राजा त्यांच्यासाठी आधीच्या राजाचा, म्हणजे तिठ्यावर आपल्याच हातून मेलेल्या बापाचा, खुनी शोधतोय. जोकास्टाला, म्हणजे त्या बायकोला, जी आईच आहे, आधी कळतं, ती विनवते की आता थांब, तू कोण आहेस ते तुला कधी कळू नये. ज्याच्याकडे ते पोर टाकायला दिलं होतं तो म्हातारा धनगर गयावया करतो की पुढचं भयंकर आहे, ते माझ्या ओठांशी आलंय. आणि इडिपस म्हणतो, माझ्याही कानाशी आलंय, पण ऐकायलाच हवं. ऐकायलाच हवं! याला तुम्ही गर्व म्हणता? गर्विष्ठ माणूस त्या क्षणी चौकशी बंद करून महालात निघून गेला असता आणि सुखाने मेला असता.

माझ्या बाबांनी पण कागदावर डोळे मिटून सही केली नव्हती, हे कोणाला माहीतच नाही. दोन दिवस मागून घेतले होते, एकेक पान वाचलं होतं. तो मित्र असा होता की आजी आजारी असताना तीन रात्री तिच्या उशाशी बसला होता, बाबा परगावी अडकले होते म्हणून. त्या माणसाने मागितलं तर नाही कसं म्हणायचं? जेवढं माहीत होतं तेवढ्यावर निर्णय घेतला. उद्याचं कोणाला माहीत असतं?

कोणीतरी म्हणेलच, मग शेक्सपिअरच्या मॅकबेथचं काय. हो, त्याची हाव आहे, ती त्याला समोर दिसते तरी तो खून करतो, तिथे दोष म्हणा, माझी हरकत नाही. पण ऑथेल्लो आणि हॅम्लेट यांची अदलाबदल करून बघा. हॅम्लेटसारख्या शंभरदा तपासून बघणाऱ्याला, बायकोविरुद्ध ऑथेल्लोचे कान भरणारा इयागो फसवूच शकला नसता, आणि हॅम्लेटच्या जागी ऑथेल्लोने बापाला मारणाऱ्या काकाला पहिल्याच अंकात संपवलं असतं. स्वभाव तेच राहिले, तरी दोन्ही शोकांतिका झाल्या नसत्या. मग दोष स्वभावात कुठे होता? ज्या जागी तो माणूस उभा होता त्या जागेचा काहीच हिशोब नाही का?

आपल्याकडे कर्ण आहे. भासाचं 'कर्णभार' हे संस्कृत नाटक छोटंसं आहे, वाचलं नसेल तर खरंच वाचा. ब्राह्मणाच्या वेषात इंद्र येतो, गाई नको म्हणतो, घोडे-हत्ती नको म्हणतो, शेवटी कर्ण स्वतःच कवचकुंडलं देऊ करतो. शल्य शेजारी उभा राहून ओरडतो, देऊ नको, देऊ नको. कर्ण देतो. शल्य म्हणतो, इंद्राने तुला फसवलं. कर्ण म्हणतो, नाही, मीच इंद्राला फसवलं. यावर कोणी पेपरात प्रश्न काढतं का, कर्णाचा घातक दोष: दानशूरपणा, दोन गुण? नाही ना? तिथे आपले हात जोडले जातात, मग इडिपससाठी का नाही?

आमच्या घरात शल्य म्हणजे आई. ती म्हणाली होती, नका करू सही. तिचं ऐकायला हवं होतं, हेही मी मान्य करते.

लिहिता लिहिता राग बराच उतरलाय. त्या शिक्षिकेवर तर आता अजिबात नाही. वर्गात पोरं भरलेली, पोर्शन संपवायचा, एका शब्दाचं उत्तर तपासायला सोपं पडतं, तिने तरी काय करावं. आणि खरं सांगायचं तर माझा राग तिच्यावर नव्हताच.

एकोणीस वर्षांची होते. माझी फी भरायची राहिली होती कारण त्या महिन्याचा हप्ता आधी गेला. मी बाबांसमोर उभी राहून म्हणाले, "तुमच्या भोळेपणाची शिक्षा आम्ही भोगतोय." चप्पल सरकवणाऱ्या त्या माणसाच्या कितीतरी वर्षं आधी, मीच. बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला, आणि म्हणाले, "फीचं बघतो मी." बाकी काही नाही. त्यांनी स्वतःची बाजू कधी मांडलीच नाही. सोफोक्लीजने निदान इडिपसला ती संधी दिली. नव्वदीच्या आसपास, मरायच्या थोडं आधी त्याने इडिपसवरच आणखी एक नाटक लिहिलं, त्यात म्हातारा आंधळा इडिपस ठणकावून सांगतो की मी जे केलं ते नकळत केलं, मी गुन्हेगार नाही. इतक्या वर्षांनी लेखकाला आपल्या माणसाकडे परत जावंसं वाटलं. मला मात्र उशीर झाला.

मघाशी भाचीला परत बोलावलं आणि हे सगळं सांगितलं, फीचं सोडून. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पण मावशी, परीक्षेत काय लिहू?" मी म्हटलं, 'दोष' लिहू नकोस, 'चूक' लिही आणि त्याला काय माहीत नव्हतं ते लिही, मार्क गेले तर जाऊ देत.

तिने लाल टिक तशीच ठेवली. 'गर्व' खोडलं आणि बाजूला पेन्सिलने लिहिलं, 'त्याला माहीत नव्हतं'.