५२८ रुपयांची कोकण-सूट

कोकणातला पत्ता असला की गाडीचा विमा स्वस्त पडतो, असं ज्याने कुणी पसरवलंय त्याला एकदा माझी पॉलिसी वाचायला बसवा.

विमावाल्यांनी देशाचे दोन भाग केलेत. मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद, अहमदाबाद ही आठ शहरं झोन ए. उरलेला अख्खा देश झोन बी. म्हणजे नागपूर, नाशिक आणि आमचं वाशिष्ठीकाठचं चिपळूण एकाच पंगतीत! बरं, फरक किती? जुन्या टॅरिफप्रमाणे, म्हणजे सगळ्या कंपन्यांना ठरवून दिलेल्या दरपत्रकाप्रमाणे, हजार सीसीच्या आतल्या नव्या गाडीला ए मध्ये गाडीच्या विमा-किमतीच्या ३.१२७ टक्के, बी मध्ये ३.०३९. सहा लाखांच्या गाडीवर करा हिशेब. ५२८ रुपये. वर्षाला! एवढ्यात चार माणसांचं सुरमईचं जेवणसुद्धा होत नाही. त्यात २००७ पासून ओन डॅमेजचे, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याचे, दर कंपन्यांच्या हातात गेले, त्यामुळे हे ५२८ तरी पदरात पडतात की नाही, त्यांची मर्जी. थर्ड पार्टीला, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्याच्या विम्याला, तर पत्त्याचं काही देणंघेणंच नाही, तो दर देशभर एकच.

पण इंजिन प्रोटेक्ट नावाचं जादा कव्हर गळ्यात मारताना विमावाल्यांना हाच पत्ता बरोब्बर आठवतो. "ताई, चिपळूण ना? २२ जुलै २०२१ विसरलात काय?" अरे, विसरेन कशी? अख्खी बाजारपेठ बुडालेली बघितलीय मी. मग पूर साध्या पॉलिसीत येत नाही का? येतो की! फक्त पाणी शिरलेली गाडी कुणी चालू करून बघितली आणि इंजिन बसलं, की ते "परिणामी नुकसान", ते आमच्यात येत नाही. त्याचे पैसे वेगळे. वर १८ टक्के जीएसटी. झोनने दिलं ते नदीने नेलं, आणि वर व्याजही घेतलं. खारं वारं पत्रा खातं त्याचं तर नावच काढू नका. गंज म्हणजे म्हणे झीज, आणि झीज कुणी भरून देत नाही.

आणि पत्ता तरी कुठला धरतात? गाडी जिथे रजिस्टर झाली तिथला. माझा चुलतभाऊ एमएच-०८ ची, म्हणजे रत्नागिरीची गाडी वर्षभर बोरिवलीच्या ट्रॅफिकमध्ये घासतो, तो झोन बी. काका रिटायर होऊन गुहागरला आले, त्यांची मुंबईची एमएच-०२ फणसाखाली उभी असते, आठवड्यातून एकदा बाजाराला जाते. ती झोन ए! काय बोलायचं?

मी नवी ड्रायव्हर. प्रीमियमचा आकडा सांगताना लायसन्स कधी मिळालं हे कुणी विचारलंसुद्धा नाही. कुंभार्ली घाटात धुक्यात शिकले काय आणि मैदानात दोन चकरा मारून शिकले काय, सारखंच. नवखेपणाची किंमत वसूल होते ती नो क्लेम बोनसमध्ये, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणाऱ्या सुटीत. बाबांनी वर्षानुवर्षं एक क्लेम न करता ५० टक्क्यांपर्यंत नेलाय. घर एक, पत्ता एक, अंगण एक, आणि मला शून्य. पहिलं वर्ष बिनक्लेमचं काढा, मग २० टक्के.

विचारलं, बाबांचा बोनस माझ्या गाडीला लावता येईल का? तर म्हणे, मुलांना मिळतो मॅडम, पण मालक वारल्यावर. बाबा शेजारच्याच खुर्चीत बसले होते हो! ते शांतपणे म्हणाले, "मग भर गो बाय पूर्ण प्रीमियम."