वड्याचा गुन्हा आणि मास्तरांची खाट

मास्तरांनी चहा बशीत ओतला आणि सुरुवातच बंगळूरपासून केली. "गोव्याचे आमदार लोबो काय चुकीचं बोलले? बंगळूरवाले येऊन कळंगुटच्या किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये विकतात काय, तर इडली-सांबार आणि वडापाव! मग फॉरेनर कशाला थांबतोय?" एवढं बोलून आम्हा सगळ्यांवरून अशी नजर फिरवली, की शेजारच्या बागा किनाऱ्याच्या वाळूत पहिला घाणा आम्हीच काढला असावा.

मार्च 2025 मधला शनिवार. सावंतवाडीच्या मोती तलावाचा कट्टा. शनिवारी आमच्यात वैशाली असते, कारण ती कळंगुटहून घरी येते. बंड्याची गाडीही त्याच वाटेने आलेली. हुर्राकाचे, म्हणजे काजूच्या ताज्या दारूचे दिवस होते, त्यामुळे डिकीत काय आहे ते कोणी विचारलं नाही.

आबा पंधरा वर्षं सावंतवाडी-पणजी एसटीवर कंडक्टर. तिकीट फाडल्यासारखंच बोलतात. "मास्तरानू, थंय लढाई लागली हा. रशियनाक वड्याचा काय पडला हा?"

"लढाईचं लोबोही बोलले होते," वैशाली म्हणाली. "गोवेकरच आपले शॅक बाहेरच्यांना भाड्याने देतात, हेही बोलले. आपल्यापर्यंत पोचला तो फक्त वडा."

मास्तर म्हणाले, तो वेगळा विषय आहे. (मास्तर हरायला लागले की विषय वेगळा होतो. एकतीस वर्षं इतिहास शिकवल्याचा परिणाम.)

वैशालीने एका शॅकचे हिशेब दोन सीझन लिहिलेत. कुठल्या ते ती सांगत नाही, आम्हीही खोदत नाही. पण ती बोलायला लागली की मी चहा थंड होऊ देतो.

"परवाना गोवेकराच्या नावावर, चिठ्ठ्या टाकून मिळालेला. पोटभाड्याला बंदी. म्हणून कागदावर पोटभाडेकरू नसतोच, 'मॅनेजर' असतो. पावसाळा सरला की बांबू आणि झावळ्यांचं उभं करायचं, मे संपायच्या आत सगळं उपटून न्यायचं. तेवढ्या दिवसांत मालकाची रक्कम, आचारी, पोरं, वीज, सगळं सुटलं पाहिजे. बिअर महाग लावली तर गिऱ्हाईक दहा पावलांवरच्या शॅकात जातं. मग सुटणार कशातून? ताटातून. इसवणाचा, म्हणजे सुरमईचा भाव रोज नाचतो, बटाट्याचा तेवढा नाचत नाही. वडा तळायला नव्या पोराला दोन दिवसांत शिकवता येतं. माशाला लावायचा तो लाल रेशाद मसाला वाटायला जाणता माणूस लागतो, आणि तो माणूस शॅक भाड्याने देऊन घरी पैसे मोजत बसलाय."

कट्टा गप्प. मास्तरांनीही बशी खाली ठेवली. पण त्यांच्याकडे एक हुकमी पान शिल्लक होतं. "गोवा सरकारने 2023 मध्ये शॅकवाल्यांना हुमण-शीत, म्हणजे माशाची आमटी आणि भात, सक्तीचं केलं, त्याचं काय?"

"केलं की. मेन्यूवर आहे. मागवून बघा. वेटर आत विचारायला जातो, तो परत येईपर्यंत तुम्ही फ्राइड राइस सांगितलेला असतो."

बंड्याला इतका वेळ बोलायला मिळालं नव्हतं. तो टुरिस्ट घेऊन जातो, त्यामुळे गोव्याविषयी अंतिम शब्द आपला, असं त्याचं मत. पण या वेळी तो खरं बोलला. "गेल्या आठवड्यात पुण्याचं कुटुंब होतं. आजी माळकरी. मोठ्या हॉटेलात शिरताना वॉचमन आधी माझी गाडी बघतो, मग आजीचं लुगडं. शॅकमध्ये कोण बघतंय? पाय वाळूत, कुत्रं टेबलाखाली, समोर समुद्र. बापाला बिअर, पोरांना फिंगर चिप्स, आजीला इडली. दोन तास बसले, कोणी 'आणखी काय?' म्हणून डोक्यावर उभं राहिलं नाही. त्या इडलीने गोवा बुडाला?"

"संस्कृती बुडते," मास्तर म्हणाले.

आबा याचीच वाट बघत होते. "मास्तरानू, पाव खंयसून इलो? बटाटो खंयसून इलो? मिरची खंयसून इली? सगळा पोर्तुगीज घेवन इले. त्या वड्यात परको असा तो बेसन तेवढो!"

मास्तर म्हणाले, तो वेगळा विषय आहे.

मग गाडी नेहमीच्या वळणावर गेली. आपला सिंधुदुर्ग 1997 साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला, गोव्याचा मोपा विमानतळ आपल्या बांद्याच्या उशाशी, आणि उतरलेला माणूस दक्षिणेला गोव्यातच का वळतो? बंड्याने जाहीर केलं, की वेंगुर्ल्याच्या बाजूला आपण शॅक काढणार. बांगडा, सोलकढी आणि स्वस्त बिअर.

"तू पहिल्या वर्षी काढशील," वैशाली म्हणाली, "आणि दुसऱ्या वर्षी भाड्याने देशील."

बंड्या रुसला. त्याला हसवायला म्हणून मी 2012 ची सहल काढली, आणि तिथे मास्तरांचं नशीब फिरलं. त्या सहलीत आम्ही पाचजण बागाला एका शॅकमध्ये बसलो होतो. मास्तरांनी पाचांत मिळून एक लिंबूसोडा मागवला आणि पिशवीतून स्टीलचा डबा काढला. पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी. ती खाऊन ते समोरच्या खाटेवर दोन तास घोरले. खाट खाणाऱ्यांना फुकट असते. डबा खाणाऱ्यांना नाही. बिल आलं तेव्हा मास्तर वेटरशी कडक इंग्रजीत भांडले. सगळं ऐकून घेऊन तो पोरगा म्हणाला, "काका, मी कुडाळचोच." दोनशे रुपये मी भरले. ते अजून आलेले नाहीत.

"थांबा, थांबा," वैशाली उठूनच उभी राहिली. "बटाटा आणि पुरी? म्हणजे बागाच्या किनाऱ्यावर बाहेरचं खाणं नेणारा माणूस इथेच बसलाय, आणि नाव बंगळूरवाल्यांचं!"

आबांना ठसका लागला. मास्तर "पुरी घरची होती" असं काहीतरी म्हणत होते, ते कोणाला ऐकू आलं नाही. वडापावच्या गाडीकडे बघायचं मात्र ते कटाक्षाने टाळत होते.

सातनंतर चहावाला ग्लास गोळा करायला आला. आम्ही सगळे एकदम तलावाकडे बघायला लागलो. तो जरा वेळ थांबला, मग म्हणाला, "बसण्याचे पैसे घेनय नाय मी. चायचे तरी द्या."

मास्तर म्हणाले, तो वेगळा विषय आहे.